एकशे पंचविसावी बाकी

नसीम मॅडम नवा खडू कधी अख्खा वापरत नसत. डब्यातून खडू काढला की आधी त्याचे दोन तुकडे करायच्या. आखूड तुकडा हातात, लांब पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो आणि मग मुलींचं ध्यान गणितावर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची पर्स, ओढणीचं टोक आणि उजव्या हाताची तीन बोटं कायम पांढरी असायची. रिसोडच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवत, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. त्यांनी पुढे केलेल्या चहाच्या कपाच्या कानावर खडूचा ठसा असायचाच.

त्यांचं एक वाक्य शाळाभर झालं होतं. "ताळा घेतला का?" गणिताचं उत्तर बरोबर आलं की नाही हे तपासायची जुनी रीत म्हणजे ताळा. मॅडम तो कशाचाही मागायच्या. इतिहासाच्या सरांनी मुलीचं लग्न जमल्याचे पेढे वाटले, तेव्हा पेढा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय म्हन्ता, पन ताळा घेतला का?" सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मॅडमना त्यात काय वावगं झालं ते उमगलंच नाही. मला म्हणाल्या, "मी तं चांगल्यासाठीच इचारलं. काहून रागावले ते?"

वर्गात त्या 'चूक' हा शब्द वापरत नसत. मुलीचं गणित चुकलं की वहीवर बोट ठेवून म्हणायच्या, "पुन्हा पाह्य, बेटा." तीनदा पुन्हा पाहूनही आलं नाही, तर खाली तिच्या शेजारी बाकावर बसायच्या. वर्गात चाळीस मुली आहेत, तास संपत आला आहे, याचं त्यांना भान राहायचं नाही. "घाई असनाऱ्यानं भागाकार करू नये," असं त्या म्हणत आणि त्यांचा अभ्यासक्रम दरवर्षी मागे पडत असे.

त्या एकट्या होत्या. रहीमभाई म्हणून थोरले भाऊ, त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. दुकानाच्या मागे घर आणि घराच्या मागच्या अंगाला मॅडमची खोली. अमरावतीला त्या पदवीपर्यंत शिकल्या. पुढे शिकायचं होतं, राहून गेलं. का राहून गेलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. कापूस पिंजला की दुकानातून तंतू उडत आत यायचे आणि मॅडमच्या पुस्तकांवर बसायचे. पान उलटण्याआधी त्यावर फुंकर मारायची सवय त्यांना शाळेतही होती. तिथे कापूस नसला तरी.

मूळ संख्या त्यांनी शिकवल्या तशा कोणी शिकवल्या नसतील. एका सव्वीस जानेवारीला कवायतीसाठी एकतीस मुली निवडल्या होत्या. कवायतीचे सर रांगा लावायला लागले. पाचाच्या लावल्या, एक मुलगी उरली. सहाच्या लावल्या, तीच उरली. वैतागून ते तिला म्हणाले, "तू जा वर्गात." पोरगी रडायला लागली. मॅडम खडू हातात तसाच घेऊन मैदानात आल्या.

"सर, तिले कायले घालवता?"

"मॅडम, रांगाच बसून नाई राह्यल्या. तीस पाह्यजे."

"तीसले कोनीबी वाटते. दोनानं वाटा, तीनानं वाटा. एकतीसले कोनी वाटू शकत नाई." मग त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "तू उरली नाईस बेटा. तू हायेस म्हनून हे मोडत नाई."

सरांनी कपाळाला हात लावला. शेवटी ती मुलगी झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालली. त्या एकतीस जणींतल्या एकीलाही पुढे मूळ संख्या म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

आणि त्यांची ती मोठी संख्या. फळ्याच्या वरच्या कडेला त्यांनी ती पांढऱ्या रंगानं कायमची लिहून ठेवली होती, तीन-तीन आकड्यांचे तेरा गट पाडून: १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. दोनाला दोनानं गुणत जायचं, असे एकशे सत्तावीस दोन एकमेकांत गुणायचे आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा. एकोणचाळीस आकडी संख्या. तिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कशानंही भाग जात नाही. मुली तिला 'मॅडमचा मोबाईल नंबर' म्हणत आणि कवितेसारखी पाठ म्हणत.

फ्रान्समधल्या एका गणित्यानं यंत्रं यायच्या कितीतरी आधी, नुसत्या कागदावर ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं होतं, हे मॅडमनी कॉलेजात असताना ऐकलं होतं. इतक्या मोठ्या संख्येला एकेका आकड्यानं भागून पाहायचं म्हटलं तर हजारो जन्म पुरायचे नाहीत. पण एक आडवाट आहे. मॅडमनी ती मला स्टाफरूममध्ये चहाच्या कपाला टेकवलेल्या कागदावर समजावली, आणि मला मराठीच्या बाईलाही ती समजली.

चार घ्यायचे. त्यांचा वर्ग करायचा आणि दोन वजा करायचे, चौदा. चौदाचा वर्ग, वजा दोन, एकशे चौऱ्याण्णव. पुन्हा वर्ग, पुन्हा वजा दोन. उत्तर त्या मोठ्या संख्येच्या वर गेलं की तिनं भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग. असं बरोबर एकशे पंचवीस वेळा. एकशे पंचविसावी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. मधल्या कुठल्याही पायरीवर एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला, तरी शेवटचं शून्य हातचं गेलं.

कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा मॅडमनी दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर चार लिहिले.

"पन मॅडम," मी फोनवर म्हटलं, "ते मूळ संख्या हाय हे तं जगाले माईत हाय. मंग कायले?"

"जगाले माईत हाय," त्या म्हणाल्या. "मी कुठं पाह्यलं?"

पहिल्या सहा पायऱ्या एका दुपारी झाल्या. सातव्यापासून खरी गत कळली. एकेका पायरीत गटागटांचे एक्याण्णव गुणाकार, त्यांची बेरीज, मग पानभर लांबीचा भागाकार. प्रत्येक टप्प्यावर दोन ताळे, नवाचा आणि अकराचा. एका पायरीला आठवडा लागायचा. शाळा सुरू झाल्यावर कधी दोन. सोमवारी त्या आल्या की मी विचारायचे, "किती?" त्या बोटांनी आकडा दाखवायच्या. तेवीस. एकतीस. चाळीस. त्या वर्षांत मी त्यांना जितकं आनंदी पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी रहीमभाई मला पाहून हसून म्हणायचे, "जा मॅडम, आत जा. बहीन रजई भरून राह्यली आकड्याइची."

डोळ्यांचं आधी मुलींना कळलं. मॅडम फळ्यावर लिहिता लिहिता आधी लिहिलेल्या ओळीवरच दुसरी ओळ लिहायच्या. पुढच्या बाकावरची एखादी मुलगी हळूच म्हणायची, "मॅडम, खाली." मॅडम हात खाली घ्यायच्या. मुलींनी हे आपसांत ठरवलं होतं, कोणाच्या घरी सांगितलं नव्हतं, आम्हालाही नाही. कित्येक महिने ते असं चाललं. मग एका गुरुवारी बाजारात, कडेला उभी असलेली हातगाडी त्यांना दिसली नाही. कपाळाला टाके पडले.

अकोल्याला मी त्यांच्यासोबत गेले होते. डॉक्टर चांगले होते, हळू बोलणारे. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कळत नाही. कडेकडेनं नजर खात आत येतो. जी नस सुकली ती सुकली, ती परत येत नाही. थेंबांनी उरलेली थोडी टिकेल.

"किती दिवस वाचता येईन?" मॅडमनी विचारलं.

"नेमकं सांगता येणार नाही. वर्षभर. कमी, जास्त."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मालेगाव येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, रडू आवरत असतील. मग त्या म्हणाल्या, "एकोनसत्तर झाल्या. छप्पन राह्यल्या. एकीले आठ दिवस तं एका वर्षाच्या वर जाते. सहा दिवसावर आनाव लागंन."

शाळेत त्यांचे वर्ग काढून घेतले. कोणी दुष्टपणा केला असं नाही. मुख्याध्यापकांनी खुर्ची देऊन, पाणी देऊन सांगितलं. ग्रंथालयात बसा, हजेरी तेवढी लावा. वार्षिक तपासणीच्या आधी फळाही रंगवला गेला आणि वरची पांढरी संख्या काळ्या रंगाखाली गेली. रंगारी माणसाला काय माहीत. मॅडमना ते मुलींकडून समजलं. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. आणि मग बऱ्याच वेळानं, ग्रंथालयाच्या दारातून बाहेर बघत, "आता तसंबी मले तिथवर दिसत नोतं."

सहा दिवसांवर पायरी आणणं जमलं नाही. दिसणारा भाग नळीतून पाहिल्यासारखा झाला, एका वेळी दोन-तीन आकडे. एक्याऐंशीव्या पायरीला त्यांनी मला बोलावलं. पेन माझ्या हातात दिलं. "तुमी वाचा, तुमीच लिवा. गुनाकार मी करते."

मी होय म्हटलं, ते आनंदानं म्हटलं. शाळा सुटली की पाच ते सहा मी त्यांच्या खोलीत. मी दोन गट वाचायचे, "तीनशे बारा, आठशे सत्तेचाळीस." त्या डोळे मिटून घ्यायच्या, ओठ हलायचे, आणि उत्तर यायचं. मी लिहायचे. संपूर्ण पायरीत त्या कधी अडखळल्या नाहीत. अडखळायचे मीच. माझ्या मागे संध्याकाळचा स्वयंपाक, सासऱ्यांचं पथ्यपाणी, तपासायचे गठ्ठे. आणि मॅडमना शंका फार. एक गट वाचला की म्हणायच्या, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचला की, "एक खेप अजून."

एका संध्याकाळी माझा तोल गेला. सासऱ्यांना दवाखान्यातून आणलं होतं, दोन रात्रींचं जागरण होतं. मॅडम तिसऱ्यांदा "पुन्हा वाचा" म्हणाल्या आणि मी वही मिटली.

"मॅडम, मी बी मानूस हाय. एक आकडा किती खेपा वाचू? भरोसा नसंन तं दुसरं कोनी पाहा."

बाहेर दुकानात पिंजायचं यंत्र चालू होतं. मॅडम माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहत होत्या, पण थोड्या बाजूला, जिथे मी नव्हते तिथे.

"नाई नाई," त्या म्हणाल्या. "भरोसा हाय. वाचा तुमी."

त्यानंतर त्यांनी मला एकदाही पुन्हा वाचायला सांगितलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं. काम लवकर उरकायला लागलं.

शंभर झाल्या त्या दिवशी रहीमभाईंच्या बायकोनं, भाभींनी, शीरखुर्मा केला, ईद नसताना. एकशे दहा. एकशे वीस. तोवर मॅडमच्या डोळ्यांत उजेड-अंधार एवढंच उरलं होतं, पण चष्मा मात्र त्या रोज पुसून लावायच्या. शेवटून दुसरी बाकी कशी यायला पाहिजे हे त्यांना आधीच ठाऊक होतं. गणितच तसं होतं, तिचा वर्ग करून दोन वजा केले की शून्य उरायला हवं. ती एकतर 'अठरा, चारशे सेहेचाळीस' अशी सुरू होणारी नुसती वीस आकडी यायला हवी होती, नाहीतर 'एकशे सत्तर, एकशे एकेचाळीस' अशी सुरू व्हायला हवी होती, मोठ्या संख्येच्या जवळची. तिसरं काही आलं तर वाट चुकलेली.

एकशे चोविसावी पायरी आम्ही एका रविवारी पुरी केली. भागाकाराची शेवटची वजाबाकी मी केली. दोन्ही ताळे जुळले. मॅडम पलंगाच्या कडेवर हात टेकून ताठ बसल्या होत्या.

"वाचा."

"त्र्याऐंशी," मी म्हणाले, "पाचशे—"

"बस."

मी थांबले. मला लगेच समजलं नाही. मग समजलं.

"पुढं वाचू का, मॅडम?"

"नको." त्यांनी ओढणी सारखी केली. "उद्या या. एकशे पंचविसावी करून टाकू."

"पन मॅडम, आता—"

"सुरू केलं ते पुरं कराव लागते ना. मुलीइले काय सांगत होती मी?"

आणि आम्ही ती केली. चुकीची आहे हे माहीत असलेली ती पायरी आम्ही आठवडाभर बसून केली, एक्याण्णव गुणाकार, सगळे. त्यांचा एकही गुणाकार चुकला नाही. एकशे पंचविसावी बाकी अडतीस आकडी आली. मी ती वाचली, त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि म्हणाल्या, "ताळा?"

"जुळला. दोन्ही."

"हं," त्या म्हणाल्या.

दिवाळीत माझी मुलगी ऋतुजा पुण्याहून आली. ती कॉम्प्युटरचं काम करते. मॅडमचीच विद्यार्थिनी, एकोणचाळीस आकडे अजून पाठ असलेली. मी तिला सगळं सांगितलं, तशी लॅपटॉप उचलून ती माझ्यासोबत निघाली. मॅडमच्या पाया पडून म्हणाली, "मॅडम, कुठे चुकलं ते शोधून देऊ? तुमची परवानगी असेल तरच."

मॅडमनी चाचपून वह्या तिच्यापुढे सरकवल्या. मग म्हणाल्या, "पाह्य बेटा."

तिनं चार-सहा ओळी लिहिल्या आणि एक बटण दाबलं. एकशे पंचवीस पायऱ्या पापणी लवायच्या आत पडद्यावर आल्या. ऋतुजा ते बघून स्वतःच दचकली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं की हे इतक्या लवकर व्हायला नको होतं.

"झालं का?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"शेवटी शून्य आलं ना?"

"आलं."

"मंग ठीक हाय. तिचं काई बिघडलं नाई."

मग मी वह्यांतल्या बाक्या वाचत गेले आणि ऋतुजा पडद्याशी ताडून बघत गेली. वीस बरोबर. पन्नास बरोबर. सत्तर. ऐंशी. इथपर्यंत अक्षर मॅडमचं होतं, शेवटी शेवटी मोठं आणि वाकडं झालेलं. एक्याऐंशीपासून माझं. ब्याऐंशी, पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी बरोबर. सत्त्याऐंशीची बाकी पुढच्या पानाच्या डोक्यावर उतरवून घेतलेली होती, पुढच्या वर्गासाठी. तिथे ऋतुजा थांबली.

"आई, मागच्या पानावर सहाशे नऊ आहे. इथे नऊशे सहा लिहिलंय."

माझं अक्षर होतं. गोल, मराठीच्या बाईचं, शिरोरेघेचं अक्षर. ६०९ आणि ९०६. नवाचा ताळा नुसती आकड्यांची बेरीज बघतो, ती दोन्हींची पंधरा, म्हणून त्याला काही दिसलं नाही. अकराच्या ताळ्यात आकडे एकाआड एक अधिक-उणे करतात, आणि सहा-नऊच्या मध्ये एक शून्य असल्यामुळे दोघांनी जागा बदलल्या तरी बाजू तीच राहिली. तोही फसला. तिथून पुढच्या अडतीस पायऱ्या, जवळजवळ वर्षभराच्या संध्याकाळी, मॅडमच्या डोळ्यांतला शेवटचा उजेड ज्यात गेला ते सगळे गुणाकार, एकूण एक बरोबर होते आणि एकाचाही उपयोग नव्हता.

ऋतुजानं लॅपटॉप हळूच मिटला.

"सातचा ताळा घ्यायले पाह्यजे होता," मॅडम म्हणाल्या. "सहाशे नवाले सातानं पुरा भाग जाते. नऊशे सहाले तीन उरतात. तवाच सापडलं असतं. मीच आळस केला."

मी त्याच क्षणी म्हणायला हवं होतं की मॅडम, अठ्ठ्याऐंशीपासून पुन्हा बसू. अडतीसच तर आहेत. एवढं एकच वाक्य होतं. त्या वाट बघत होत्या, हे मला दिसत होतं. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता आणि हात वहीवर होता. मला सासऱ्यांची औषधं आठवली, पुढचं वर्ष आठवलं. मी म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात वहीवरून उचलला आणि भाभींना चहा टाकायला सांगितला.

त्या वर्षीच त्यांनी नोकरी सोडली. रहीमभाईंना अर्धांगाचा झटका आला, दुकान बंद झालं, आणि मॅडमना त्यांच्या धाकट्या बहिणीनं कामरगावला नेलं. जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला. वह्या इथेच राहिल्या. भाभींनी त्या माझ्याकडे आणून दिल्या. "तुमच्याच कामाच्या असतीन," म्हणाल्या. मी त्या कपाटात ठेवल्या. मी दर आठवड्याला फोन करीन असं म्हटलं होतं. आधी केले. मग सणावारी. मग राहिलंच.

दीड वर्षानं मी गेले. वाशीम, कारंजा, मग कामरगाव. उन्हाळा होता. बहिणीच्या अंगणात कडुलिंबाखाली मॅडम चिंचा फोडत बसल्या होत्या. चिंच चाचपून फोडायच्या, चिंचोका वेगळा, गर वेगळा. गल्लीतल्या बाया त्यांना 'आंधळ्या खाला' म्हणत होत्या, अगदी तोंडावर, मायेनं. त्यांनी कधीकाळी गणित शिकवलं हे तिथे फारसं कोणाला माहीत नव्हतं. बोटं तपकिरी आणि चिकट झाली होती. चष्मा होता.

इकडचं तिकडचं झालं. शाळेचं, रहीमभाईंचं. मग मी म्हटलं, कारण त्यासाठीच तर आले होते, "मॅडम, ती चूक माझी होती. सहाशे नवाची. तुमी त्या दिवशी सोतावर घेतली. मी तवा काई बोलली नाई."

त्यांचा हात थांबला नाही.

"मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या.

"ऋतुजानं सांगतलं तवा?"

"नाई. तुमी वाचलं तवा." त्यांनी एक चिंच फोडली. "आदल्या दिवशी ते बाकी मीच सांगतली होती ना तुमाले. मले याद होती. सहाशे नऊ. दुसऱ्या दिवशी तुमी वाचलं नऊशे सहा. मले खटकलं. मंग वाटलं, आपलीच याद चुकली असंन. ताळा तं जुळून राह्यला."

"मंग काहून नाई इचारलं? पुन्हा वाचा म्हनायचं होतं!"

त्यांनी चिंचोका बाजूला टाकला.

"तुमी रागावल्या होत्या ना त्याच्या आदल्या हप्त्यात," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. हिशोब समजावून सांगावा तसं सांगत होत्या. "मले वाटलं, अजून एक खेप म्हनलं तं तुमी यायचं बंद कराल. मंग कोन वाचंन? म्हनून नाई म्हनलं."

मी तोंडावर पदर धरून रडले. आवाज होऊ दिला नाही. त्यांना दिसणार नव्हतं, आणि मला ते सोयीचं वाटलं, हेही लिहून ठेवते. बहिणीनं चहा आणला. मॅडम म्हणाल्या, "घ्या, थंडा होऊन राह्यला."

निघताना त्या भिंतीला हात लावत रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आल्या. बहिणीनं "मी येते" म्हटलं तर तिला नको म्हणाल्या. कोपऱ्यावर कारंजाच्या दोन जीप उभ्या होत्या. मी मागच्या जीपमध्ये खिडकीशी बसले. बाहेरून मॅडमनी माझा हात शोधून दाबला, "सांभाळून जा, गावंडे मॅडम. ऋतुजाले सलाम सांगा," म्हणाल्या, आणि दोन पावलं मागे सरून हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या राहिल्या.

पुढची जीप भरली होती, ती सुटली. आमच्या जीपला अजून चार माणसं हवी होती. ड्रायव्हर पानठेल्यावर गेला होता. मॅडमनी त्या जीपचा आवाज दूर जाईपर्यंत हात हलवला. त्यांना वाटलं, मी गेले.

मग त्यांनी हात खाली घेतला. चेहऱ्यावरचं हसू गेलं, कोणीतरी हातानं पुसून टाकावं तसं. चाचपत त्या मागच्या ओट्यावर बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि रडायला लागल्या. तोंड उघडं टाकून, चेहरा झाकायचं भान न ठेवता, जिथे आपल्याला ओळखणारं कोणी नाही तिथे माणूस रडतं तसं. रस्त्यानं एक बाई गेली, तिनं वळून पाहिलं आणि पुढे गेली. आमच्यामध्ये दहा पावलांचं अंतर असेल. जीपचं दार उघडंच होतं.

मी उतरले नाही. मी हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं की मी सगळं पाहिलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. माणसं येऊन बसत गेली, एक, दोन, मग नवरा-बायको. ड्रायव्हर आला. जीप सुरू झाली तेव्हा त्या आवाजानं मॅडमनी घाईघाईनं डोळे पुसले, चष्मा लावला आणि कोणा अनोळखी माणसांची गाडी जाते आहे अशा चेहऱ्यानं ती जायची वाट पाहत बसून राहिल्या.